हाफ इंजिन तिसऱ्यांदा, की फुल इंजिन एकदाच?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. साताऱ्यात तुमच्याकडे वडिलांनी घेतलेली १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे. चार वर्षांत दोनदा बोअर-पिस्टन झालं, म्हणजे सिलिंडरचं भोक (बोअर) मोठं करून त्यात नवं पिस्टन घातलं. दुसरं काम दीड वर्षापूर्वीचं, त्यानंतर गाडी जेमतेम सहा हजार किलोमीटर चालली. आता सकाळी पंधरा-वीस किका बसतात, थंड असताना खडखड येते, यवतेश्वरचा चढ लागला की तिसऱ्यावर दम सोडते. शिवाय गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज, म्हणजे इंजिन फिरायचा वेग, लगेच खाली येत नाही, थोडा वेळ चढाच राहतो. मेकॅनिक म्हणतो, पुन्हा हाफ इंजिन करून टाकू, म्हणजे नुसतं वरचं बोअर-पिस्टन. फुल इंजिन म्हणजे खालच्या क्रँकसकट सगळं. तुम्ही विचारताय, करू का?

करू नका. निदान मोजमाप होईपर्यंत तरी नको.

तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारींपैकी तीन बोअर घासल्याच्या आहेत. चौथी, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडूनही आवाज चढा राहणं, ही तशी नाही. घासलेलं पिस्टन कधी इंजिनाचा आवाज चढवत नाही. आवाज चढतो तो कुठून तरी चोरून हवा शिरत असेल तर. पेट्रोल तेवढंच आणि हवा जास्त, म्हणजे मिश्रण पातळ. पातळ मिश्रण गरम जळतं. त्यात पिस्टन भाजून निघतं. माझा अंदाज असा की तुमची आधीची दोन्ही पिस्टन याच कारणाने गेली, आणि दोन्ही वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

तुमची गाडी टू-स्ट्रोक आहे. टू-स्ट्रोकमध्ये खालचं इंजिन, म्हणजे क्रँककेस, हा नुसता क्रँक (पिस्टनच्या वर-खाली चालीने फिरणारा दांडा) ठेवायचा डबा नव्हे, तो पंप आहे. पिस्टन वर जातं तेव्हा क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि रीड व्हॉल्व्हमधून, म्हणजे फक्त आत उघडणाऱ्या पातळ पाकळ्यांच्या झडपेतून, मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आलं की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांमधून, वर चढतं. आरएक्सची पूर्ण ताकद ७५०० आरपीएमला मिळते. म्हणजे सेकंदाला १२५ वेळा ओढ आणि १२५ वेळा दाब. हे सगळं क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या दोन रबरी सीलांच्या भरवशावर चालतं. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गेलं तर ऑइल गळतं, खाली डाग पडतो, आपण पुसतो. टू-स्ट्रोकमध्ये सील गेलं तर इंजिनाचा श्वासच फुटतो, आणि बाहेरून काही दिसत नाही.

कुठलं सील गेलंय यावर लक्षणं बदलतात. डाव्या, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील फाटलं की बाहेरची कोरडी हवा आत येते. मग आवाज चढा राहतो, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं आणि एखाद्या दिवशी जाम होतं. उजव्या, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर हवेऐवजी गिअर ऑइल ओढलं जातं. मग पांढरा धूर, काळा ओला प्लग, आणि गळती कुठेच नसताना गिअर ऑइल कमी होत जाणं. या धुराचा वासही टू-टी ऑइलपेक्षा (टू-स्ट्रोकच्या नेहमीच्या ऑइलपेक्षा) वेगळा, जड, थोडा करपल्यासारखा असतो. एकदा ओळखू आला की विसरत नाही. तुमच्या सांगण्यावरून मला मॅग्नेटची बाजू वाटते. पण वाटण्यावर इंजिन उघडायचं नाही.

सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासून करू. गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. वळवताना आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल अडकतेय, क्रँकचा काही संबंध नाही. मग कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं रबर बघा. तीस वर्षांच्या गाडीत ते वरून ठीक दिसतं, पण खालच्या बाजूने वाकवून बघितलं की भेगा दिसतात. त्यावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर चोर तिथेच. पेट्रोल शिंपडून ही चाचणी करणारे लोक मी पाहिलेत, त्यातल्या एकाच्या भुवया परत यायला महिना लागला. तुम्ही क्लीनरच वापरा, आणि इंजिन फार तापलेलं नसताना.

इथे काही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब, बघा. प्लग काढा, गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत जोरात किका मारा. सहा-सात किका पुरतात. ॲक्सिलरेटर न उघडता मोजलं तर हवाच आत येत नाही आणि आकडा उगाच कमी दिसतो. ही चूक रोज होते. लांब पाइपवाल्या गेजचाही एक घोळ आहे. एवढ्या लहान इंजिनात त्या पाइपमधली जागासुद्धा मोजणीत येते, म्हणून गेजचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाजवळ असलेला हवा. आकडा ११० ते १३० पीएसआयच्या आत असेल तर वरचं इंजिन बरं आहे. ९० च्या खाली सकाळी किका मोजाव्या लागतात. ६० च्या आसपास गाडी ढकलून चालू होते आणि सिग्नलला बंद पडते.

पण हा आकडा फक्त वरच्या खोलीचा आहे. खालच्या खोलीबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. १२० पीएसआय दाखवणारं इंजिन पंधरा दिवसांत जाम झालेलं मी पाहिलंय. सील फाटलेलं होतं आणि गेज खुशाल होता. म्हणून बोअरला हात लावायच्या आधी प्रेशर टेस्ट करायची. आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वद गॅरेजमध्ये ती होत नाही, कारण तिचं यंत्र महाग असतं असा समज आहे.

माझं यंत्र म्हणजे एका डॉक्टरांनी टाकून दिलेलं बीपी मोजायचं घड्याळ. पाऱ्याचं नव्हे, गोल डायलचं. त्याची तबकडी ३०० पर्यंत असते. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ६ पीएसआय, आणि क्रँककेस तपासायला नेमका एवढाच दाब लागतो. दंडाला बांधायचा पट्टा काढून टाकायचा, फुगा आणि डायल ठेवायचा. जुना प्लग आतून पोकळ करून त्यात पितळी नळी ब्रेझ करून घेतली की जोडणी तयार.

कृती अशी. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टवर ट्यूबचा रबरी तुकडा ठेवा, त्यावर लोखंडी पट्टी ठेवून नटांनी आवळा. कार्बोरेटर काढून इनटेकच्या रबरात बूच घट्ट बसवा आणि क्लिप आवळा. ऑइल पंपाकडून येणारी बारीक नळीही बंद करा, नाहीतर तिथून हवा जाते आणि तुम्ही दिवसभर सीलला शिव्या घालत बसता. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून वरची आणि खालची जागा एक होते. मॅग्नेट आधीच काढून ठेवा. मग फुगा दाबत ३०० पर्यंत जा आणि एक मिनिट मोजा. याहून जास्त दाब देऊ नका, चांगल्या सीलचे ओठसुद्धा उलटतात.

एका मिनिटात काटा २५० च्या खाली गेला तर इंजिन नापास. माझ्याकडे नवं बांधलेलं इंजिन मिनिटाला दहाच्या वर उतरलं तर मी ते परत उघडतो, पण तो माझा हट्ट. काटा उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने लावत चला: हेडची कड, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, प्लगचा गळा, क्रँककेसचा जोड आणि शेवटी मॅग्नेटमागचं सील. फुगे जिथे येतील तिथे चोर. बाहेर कुठेच फुगे नाहीत आणि काटा तरी उतरतोय, तर गिअर ऑइल भरायच्या भोकाला कान लावा. आतून बुडबुड ऐकू आली तर क्लचच्या बाजूचं सील गेलंय. एक सावधगिरी मात्र ठेवा: काही सीलं दाबाला टिकतात आणि ओढीला हार मानतात, कारण दाबाने ओठ शाफ्टवर चिकटतो आणि ओढीने सुटतो. म्हणून गाडीची लक्षणं हवा शिरल्याची असतील आणि दाबात काही सापडत नसेल तर मोठ्या सिरिंजने ओढ लावूनही बघतो.

मॅग्नेट काढाल तेव्हा त्याच्या आतला भाग नीट बघा. सील गेलेल्या इंजिनात तिथे काळसर, ओलसर, ऑइल मिसळलेला थर बसलेला असतो, कारण गळती दोन्हीकडून होते: ओढीला हवा आत, दाबाला मिश्रण बाहेर. कोरडी धूळ दिसली तर सील बहुतेक बरं आहे. आणि मॅग्नेट पुलरनेच काढा. हातोडीने ठोकून काढणारा माणूस दिसला तर गाडी उचलून घरी या. क्रँक हा दाबून जोडलेल्या तुकड्यांचा असतो, टोकावर बसलेला एक घाव त्याला वाकवून जातो.

आता वरचं उघडू. हेड आणि सिलिंडर काढल्यावर पिस्टन लगेच भंगारात टाकू नका. ते हातात घेऊन उजेडात वाचा, त्यावर सगळा इतिहास लिहिलेला असतो. एक्झॉस्टच्या बाजूलाच उभे ओरखडे आणि ॲल्युमिनियम फासल्यासारखं असेल तर मिश्रण पातळ होतं किंवा ऑइल कमी पडलं. चार कोपऱ्यांना चार पट्टे असतील तर गाडी थंड असतानाच पिळली, पिस्टन फुगलं आणि सिलिंडर अजून फुगला नव्हता. इनटेकच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) बारीक वाळूने घासल्यासारखा भुरकट दिसला तर एअर फिल्टर फाटकं आहे किंवा कुणीतरी ‘आवाज येतो’ म्हणून काढून ठेवलंय. डोक्यावर मधोमध खड्डा किंवा भोक पडलं असेल तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे गेलंय किंवा चुकीच्या हीटचा प्लग लावलाय. रिंगच्या खाली तपकिरी-काळे डाग म्हणजे रिंगा वायू सोडतायत. तुमचं पिस्टन पहिल्या प्रकारचं निघेल असं मला वाटतं. नाही निघालं तर माझं वरचं अर्धं उत्तर बाजूला ठेवा आणि पिस्टन सांगतंय ते ऐका.

मग मोजणी. बोअर गेजने सिलिंडर तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा, पिनच्या दिशेत आणि तिच्या काटकोनात. घास सगळीकडे सारखा नसतो. एक्झॉस्ट पोर्टच्या जरा वर आणि पुढच्या-मागच्या बाजूला तो जास्त असतो. पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचं ते स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर वर, पिनच्या काटकोनात. डोक्याजवळ मोजून उपयोग नाही, पिस्टन वर मुद्दाम निमुळतं केलेलं असतं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे क्लीअरन्स. नव्या कामात तो ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर ठेवतो, आमच्या भाषेत दीड ते दोन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ०.१० ओलांडलं की तुम्ही ऐकताय ती थंडीतली खडखड सुरू होते, गरम झाल्यावर पिस्टन फुगून ती दबते.

खडखडीवरून आठवलं. सगळे आवाज पिस्टनचे नसतात. गरम झाल्यावर कमी होतो तो पिस्टनचा. गिअर सोडून जरा रेस केल्यावर किणकिण येते ती कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) लहान टोकाच्या बेअरिंगची. चढावर, भार असताना खोलवरून येणारी ठकठक मोठ्या टोकाची. आणि फूटरेस्टमधून पायाला जाणवणारी घरघर मेन बेअरिंगची. शेवटच्या दोनांपैकी एक जरी असली तर हाफ इंजिनचा विषय संपला.

रॉड तपासायचा असा. क्रँक खाली आणा, रॉड सरळ वर धरा आणि वर-खाली ओढा. वर-खाली हालचाल शून्य हवी. किंचित टकटक जाणवली तरी बिग-एंड, म्हणजे मोठ्या टोकाचं बेअरिंग, गेलंय. बाजूला डुलणं थोडं असतंच. लहान टोकाला ते नव्यात ०.८ ते १ मिलिमीटर असतं, २ झालं की रॉड किट घालायची वेळ आली. वर-खाली आणि डुलणं यांत घोळ करून चांगला क्रँक उघडायला लावणारेही असतात, आणि गेलेला क्रँक ‘एवढं चालतं हो’ म्हणून परत बसवणारेही.

आता बोअरिंग. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे उत्तम हात आहेत, साताऱ्यातही सापडतील. पण त्यांना ‘थर्ड बोअर करा’ एवढंच सांगून सिलिंडर टाकून येऊ नका. आधी पिस्टन विकत घ्या, ते सोबत द्या आणि सांगा की या पिस्टनला मोजून दोन थाउ ठेवा. ५०.७५ लिहिलेली दोन पिस्टनं दोन मापांची निघतात, डुप्लिकेट असतील तर विचारायलाच नको. ‘टाइट ठेवलंय, फिरत फिरत बसेल’ हे वाक्य ऐकू आलं तर समजा, पहिल्याच चढाला चार पट्टे पडणार. ओव्हरसाइज पाव-पाव मिलिमीटरने वाढतो: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. तुमची दोन बोअरं झालीत, म्हणजे हिशेबाने दोनच उरली. तिसरं वाया घालवायचं नाही ते म्हणूनच. जाता जाता एक गंमत: मूळ आरएक्स १०० ही खरं तर ९८ सीसीची आहे, बोअर ५० आणि स्ट्रोकही ५०. अर्धा मिलिमीटर बोअर वाढला की ती १०० सीसी होते. म्हणजे तुमची गाडी दुसऱ्या बोअरनंतरच नावाला जागली.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या सगळ्या कडांना बारीक उतार द्यायलाच हवा. फोर-स्ट्रोक करणारे बरेच बोअरिंगवाले हे विसरतात, त्यांच्या कामात पोर्टच नसतात. उतार नसेल तर रिंग प्रत्येक फेरीला त्या कडेवर आपटते, आणि एक दिवस तिचा तुकडा पडतो. सिलिंडर हातात आला की पोर्टच्या कडेवरून बोट फिरवा. बोट अडखळलं तर परत द्या.

खालच्या कामाला क्रँककेस फोडणं आलं. तीस वर्षांचे स्क्रू साध्या पेचकसाने फिरवलेत तर डोकी गोल होतील, इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. जोडात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. पडलेली खाच आयुष्यभर हवा सोडते. क्रँक प्रेसवर उघडून नवं रॉड किट, म्हणजे रॉड, पिन, बेअरिंग आणि वॉशर, बसवायचं. मग क्रँक डायल गेजखाली फिरवून तांब्याच्या हातोडीने सरळ करायचा. दोन्ही टोकांना ०.०३ मिलिमीटरच्या आत यायला हवा. हे काम प्रत्येकाला येत नाही. तुमच्या गावात कोण करतो ते विचारा, आणि त्याच्याकडे डायल गेज आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जो नजरेने सरळ करतो त्याला नमस्कार करून पुढे जा.

मेन बेअरिंग घेताना सी-३ क्लीअरन्सची घ्या, बेअरिंगवर तसं कोरलेलं असतं. साधी बेअरिंग गरम इंजिनात आवळतात. बसवताना केस गरम करायची, पाण्याचा थेंब पडताच चर्रकन उडावा इतकी, आणि बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायची. मग ती स्वतःच्या वजनाने आत उतरते, ठोकावी लागत नाही. घरातल्या फ्रीजरमध्ये बेअरिंग ठेवण्यावरून जे ऐकावं लागतं त्याला माझ्याकडे उपाय नाही.

सीलं दोन्ही नवी, चांगल्या कंपनीची, ओठाला ग्रीस लावून बसवा. इथे पन्नास रुपये वाचवू नका, सगळं पुराण त्यासाठीच लावलंय. इंजिन उघडंच आहे तर दुसऱ्या गिअरचे दात, किकची स्प्रिंग आणि क्लच प्लेटा बघून घ्या, त्यावर जास्त बोलत नाही.

वरचं बांधताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगवरचं अक्षर वरच्या बाजूला. रिंगची तोंडं खाचेतल्या बारीक पिनेवर नीट बसलीत ना हे सिलिंडर उतरवताना प्रत्येक रिंगेला डोळ्यांनी बघायचं. रिंग आधी सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट फिलर गेजने मोजा: ०.१५ ते ०.३५ मिलिमीटर ठीक. पिनचे सर्क्लिप कायम नवे, आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली, बाजूला नाही. हे मी शिकलो ते गिऱ्हाइकाच्या पैशाने. नवीन होतो तेव्हा घाईत जुना सर्क्लिप परत घातला. गाडी चाळीस किलोमीटर चालली, सर्क्लिप सुटला आणि नव्या बोअरमध्ये वरपासून खालपर्यंत नांगरट केली. बोअर, पिस्टन, मजुरी सगळं पदरचं भरलं. तेव्हापासून जुना सर्क्लिप निघाला की पक्कडने वाकवूनच खाली टाकतो, म्हणजे परत घालायचा मोहच नको.

हेडचं तोंड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासून बघा. कुठे पेपर लागत नसेल तर तिथून गॅस सुटत होता. आवळताना चारही नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. आणि गाडी चालू करायच्या आधी बीपीचं घड्याळ पुन्हा लावा. नवीन बांधलेलं इंजिन गळतंय हे त्याच दिवशी कळलं तर एक संध्याकाळ जाते, नंतर कळलं तर बोअर जातो.

आता पेट्रोलबद्दल. तुमची गाडी आली तेव्हा इथेनॉल हा शब्द पंपावर नव्हता. आज मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला हे पेट्रोल सुमारे ८ टक्के जास्त द्यावं लागतं. जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) ते मिळत नाही. आधीच सीलातून हवा शिरणारं इंजिन त्यात आणखी पातळ होतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा, कार्बोरेटरमधल्या नीडलची (सुईची) क्लिप एक घर खाली, म्हणजे नीडल वर येते. मग लांब चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरवर ओढून तिथेच इंजिन बंद करा, क्लच दाबून थांबा आणि प्लग काढून बघा. कोऱ्या चहापेक्षा जरा फिका तपकिरी रंग हवा. पांढरा असेल तर आणखी मोठा जेट. पण ही चाचणी रनिंग, म्हणजे नवं इंजिन हळूहळू चालवून बसवणं, झाल्यावर, आधी नाही. रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून बघा, कडेला चिरलेल्या असतील तर बदला. सकाळच्या किकांमागे त्याही असतात.

या गाडीला पॉइंट आहेत, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क. नवं इंजिन बांधून जुन्या खड्डे पडलेल्या पॉइंटवर चालवणं म्हणजे नव्या धोतराला ठिगळ. पॉइंट बदला, फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवा, आणि टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज उभा करून लावा. अंदाजाने पुढे केलेलं टायमिंग खाली पिकअप देतं आणि वर पिस्टनला भोक पाडतं.

ऑइल पंपाबद्दल लोकांत दोन टोकं आहेत. काही तो काढून टाकतात, काही त्याच्यावर डोळे मिटून विसंबतात. मी पंप ठेवतो, त्यातली हवा काढतो, केबलची खूण जुळवतो, आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टू-टी ऑइल वेगळं घालतो. थोडा धूर होईल, शेजारी बोलतील. ऑइल चांगलं घ्या, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं. पेट्रोल पंपावरचं सुटं ऑइल ओतायचे दिवस गेले.

रनिंग करताना पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, हाताला गार लागेपर्यंत. असं तीनदा. मग हेडचे नट थंड असताना पुन्हा तपासा. पुढचे पाचशे किलोमीटर एकाच वेगावर धरून चालवू नका, ॲक्सिलरेटर खालीवर होऊ द्या. पण टॉपला चाळीसच्या वेगाने चढ ओढायला लावू नका, त्यापेक्षा गिअर खाली घ्या. यवतेश्वर शेवटच्या आठवड्यात.

आणि खर्चाचा विचार करून तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रेशर टेस्टमध्ये गळती सापडली आणि रॉड, बेअरिंग चांगली निघाली, तर एखाद्या सीलासाठी सगळं फोडायची गरज नाही. मॅग्नेटच्या बाजूचं सील बरेचदा बाहेरूनच बदलता येतं, मग बोअर मोजून ठरवा. रॉडला वर-खाली टकटक निघाली किंवा क्लचच्या बाजूने बुडबुड आली, तर फुल इंजिन, आणि तेव्हा सीलं, बेअरिंग, रॉड एकदमच. १९९६ नंतर ही गाडी बनलेली नाही. तुमच्या सिलिंडरला दोनच बोअर उरलेत, आणि बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारे बरेच सिलिंडर ओरिजिनल नसतात.

काम झाल्यावर कितवं बोअर, किती क्लीअरन्स, रॉड किट कधी, कॉम्प्रेशन किती आलं, हे सगळं तारखेसकट उजव्या साइड पॅनेलच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. आणि आज गाडीपाशी जाल तेव्हा ते पॅनेल आधी काढून बघा. जुने मेकॅनिक लिहायचे. वडिलांच्या वेळचं काही निघालं तर मला कळवा, त्यावरून रॉड मूळचाच आहे की बदललेला तेही कदाचित समजेल.